एका कॅडमधलं स्केच दुसऱ्या कॅडमध्ये न्यायचं कसं: नव्याने ड्रॉइंगला लागलेल्यांसाठी

आमच्या बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी नवीन पोरगा किंवा पोरगी ड्रॉइंगच्या टेबलावर येते आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन सांगते, ताई, मी स्केच तर बरोबर काढलंय, पण लेसरवाल्या भाईंकडे उघडतच नाही, नाहीतर उघडतं आणि भलतंच दिसतं. प्रत्येकाला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. मी बडोद्यातच वाढले, बाबा ड्राफ्ट्समन होते, घरी ट्रेसिंग पेपर आणि लाल पेन्सिल कायम असायची. त्यांच्या काळी एक ड्रॉइंग दुसऱ्या कागदावर न्यायचं म्हणजे वर ट्रेसिंग ठेवून गिरवायचं आणि मग प्रत्येक माप पट्टीने तपासून त्यावर लाल टिक करायची. आता गिरवायचं काम कॉम्प्युटर करतो पण ती लाल टिक आपल्यालाच करावी लागते, आणि नवीन पोरं नेमकी तीच विसरतात.

समजायला एकच पार्ट धरू या, शेवटपर्यंत तोच चालवू. एक चौरस प्लेट, १६५ बाय १६५ मिमी, चारही कोपरे १२ रेडियसने गोल, मध्ये ६० चं होल, आणि १२५ च्या पीसीडीवर, म्हणजे १२५ व्यासाच्या वर्तुळावर सेंटरं येतील अशी, १८ ची चार होलं. साधा पार्ट आहे, आमच्याकडे असले रोज येतात.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा

सॉलिडवर्क्स, फ्यूजन, फ्रीकॅड, ऑनशेप या कॅड सॉफ्टवेअरमधलं स्केच म्हणजे नुसत्या रेषा नसतात. त्यात ही लाइन आडवी आहे, ही दोन होलं सारख्या मापाची आहेत, हा आर्क या लाइनला टँजंट आहे, हे अंतर १२५ आहे असं सगळं बांधलेलं असतं, त्यालाच आपण कन्स्ट्रेंट म्हणतो. फाइल डीएक्सएफमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळी कॅड वाचतात त्या प्रकारात, काढली की रेषा जातात, हे बांधणं मागेच राहतं. म्हणजे उद्या पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, सांगितलं की पीसीडी १२५ ऐवजी १३० करा, तर तुमच्या मूळ स्केचमध्ये एक आकडा बदलला की चारही होलं सरकतात, पण डीएक्सएफमधून आलेल्या स्केचमध्ये चारही होलं हाताने हलवावी लागतात, आणि एखादं राहून गेलं तर कोणाला कळतही नाही. म्हणून मूळ फाइल कधीही डिलीट करायची नाही. बदल नेहमी मूळ फाइलमध्ये करायचा आणि तिथून नवीन डीएक्सएफ काढायची. आलेल्या डीएक्सएफमध्ये ठिगळं लावत बसलात की दोन महिन्यांनी कुठली फाइल खरी तेच सापडत नाही.

डीएक्सएफच का, तर ऑटोडेस्कने ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबरच १९८२ च्या डिसेंबरमध्ये ती आणली, आणि तिची रचना त्यांनी सगळ्यांसाठी जाहीर केली. ऑटोकॅडची स्वतःची फाइल म्हणजे डीडब्ल्यूजी, तिची रचना तशी जाहीर केलेली नाही, म्हणून इतर सॉफ्टवेअरवाल्यांना ती उलगडून समजून घ्यावी लागली. त्यामुळे जगातलं जवळजवळ प्रत्येक कॅड, प्रत्येक कटिंग सॉफ्टवेअर डीएक्सएफ वाचतं. कोणी डीडब्ल्यूजीच पाठवली आणि तुमच्याकडे ऑटोकॅड नसेल तर ओपन डिझाइन अलायन्सचा फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून डीएक्सएफ करून घ्या. स्टेप फाइल सॉलिडसाठी, म्हणजे थ्रीडी मॉडेलसाठी, चांगली, पण नुसत्या सपाट रेषा न्यायच्या असतील तर तिच्या मागे लागू नका.

पाठवायच्या आधी एक फोन करा

हे कोणी करत नाही आणि निम्मा त्रास इथेच होतो. समोरच्याला विचारा, तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे, कुठली आवृत्ती चालते आणि या फाइलचं तुम्ही करणार काय. कटिंग करणार असतील तर त्यांना फक्त कापायच्या रेषा हव्यात. मॉडेल बनवणार असतील तर सेंटरलाइनसुद्धा उपयोगी पडते. आणि नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ पुरे, डीएक्सएफची गरजच नाही. लेसरवाल्याला अजून एक गोष्ट विचारा, कर्फ कोण धरणार, म्हणजे लेसर कापताना जेवढ्या रुंदीचा पत्रा खातो ती रुंदी कोण वजा करणार. बहुतेक ठिकाणी त्यांचं सॉफ्टवेअरच धरतं, तुम्ही ड्रॉइंगमध्ये होल मुद्दाम लहान करून पाठवलंत तर दोनदा वजा होतं.

फाइल साफ करा

मूळ ड्रॉइंगची कॉपी करा आणि सगळी साफसफाई कॉपीतच. कटिंगला पाठवायचं असेल तर टायटल ब्लॉक, डायमेन्शन, हॅच, नोट्स, बाण, सेंटरलाइन सगळं काढून टाका. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट तयार असेल तर स्केचच्या भानगडीत न पडता प्लेटच्या सपाट फेसवर राइट क्लिक करून तिथूनच डीएक्सएफ एक्सपोर्ट करा, ते जास्त स्वच्छ येतं. फ्यूजनमध्ये डावीकडच्या यादीतल्या स्केचवर राइट क्लिक करून डीएक्सएफ सेव्ह होतं, ऑनशेपमध्येही तसंच, फ्रीकॅडमध्ये आधी स्केच सिलेक्ट करून मग फाइल मेन्यूतून एक्सपोर्ट.

ऑटोकॅडमध्ये असाल तर आता चार कमांड, याच क्रमाने. पहिली ओव्हरकिल. ही एकावर एक पडलेल्या डबल रेषा काढून टाकते. डबल रेषा स्क्रीनवर दिसतच नाहीत, एकच लाइन वाटते, पण लेसरचं डोकं त्या जागेवरून दोनदा फिरतं. मला हे शिकायला चाळीस प्लेटा लागल्या. नवीन होते, एका पार्टीची फाइल आली ती तशीच पुढे ढकलली, त्यात ६० च्या होलाची दोन सर्कलं एकावर एक होती. माल आला तेव्हा प्रत्येक होलाची कड काळी पडून वितळलेली. भाईंनी मशीन बघितलं, गॅस बघितला, नोझल बदललं, आणि शेवटी मी फाइलमध्ये सगळं सिलेक्ट केलं तेव्हा कमांड लाइनवर १३ च्या जागी १४ वस्तू दाखवल्या. आपल्या या प्लेटमध्ये मोजा ना, बाहेरच्या चार सरळ लाइनी, चार कोपऱ्यांचे आर्क आणि पाच सर्कलं, झाले १३. हा आकडा आधी कागदावर मांडायचा आणि मग फाइलमध्ये सगळं सिलेक्ट करून जुळतो का बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी कमांड फ्लॅटन. काही वेळा एखाद्या लाइनचं एक टोक झेडमध्ये वर असतं, वरून बघताना टोकं जुळलेली दिसतात पण खरी जुळलेली नसतात. फ्लॅटनने सगळं शून्य पातळीवर येतं. हिचा आणखी एक उपयोग आहे. कोणी एखादा भाग मिरर करून बनवलेला असला तर त्यातल्या आर्कची दिशा फाइलमध्ये उलटी लिहिलेली असू शकते, ऑटोकॅड ती समजून घेतं पण काही कटिंग सॉफ्टवेअर समजून घेत नाहीत, आणि मग आर्क दुसऱ्याच बाजूला जाऊन बसतो. अर्धा पार्ट ठीक आणि अर्ध्याचे आर्क भलतीकडे असं दिसलं की नव्वद टक्के हेच असतं. ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तू, असतील तर त्याआधी एक्सप्लोड करून सुट्या करून घ्या, काही सॉफ्टवेअर ब्लॉक वाचतच नाहीत, तिथली होलं सरळ गायब होतात.

तिसरी जॉइन. बाहेरचे आठ तुकडे जोडून एक बंद पॉलीलाइन, म्हणजे सलग एकच रेषा, करायची. मग १३ वस्तूंच्या ६ राहतात, बाहेरची एक आणि पाच सर्कलं.

चौथी रीजन, आणि ही नुसती तपासायला. सगळं सिलेक्ट करून रीजन द्या, खाली कमांड लाइनवर ते सांगतं किती लूप, म्हणजे बंद आकार, सापडले आणि किती रीजन बनले. आपल्याला ६ यायला हवेत. ५ आले तर बाहेरची रेषा कुठेतरी उघडी आहे. बघून झालं की लगेच अनडू करा, नाहीतर मूळ रेषा जाऊन रीजनच शिल्लक राहतं.

ही उघडी रेषा काय उपद्व्याप करते ते सांगते, कारण ०.०२ मिमीची फट डोळ्याला कधीच दिसणार नाही. आकार बंद नसला की कटिंग सॉफ्टवेअरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळत नाही. मग काही सॉफ्टवेअर ती रेषा सोडून देतात, काही कर्फ न धरता बरोब्बर रेषेवरून कापतात. होलाच्या बाबतीत म्हणजे होल कर्फएवढं मोठं, आणि बाहेरच्या बाजूने पार्ट तेवढाच लहान. बोल्ट जाण्यापुरतं असेल तर चालून जातं, बेअरिंग बसवायचं असेल तर तो पार्ट भंगारात.

हे सगळं झाल्यावर प्लेटचा डाव्या खालचा कोपरा, किंवा सेंटर, शून्य-शून्यवर आणून ठेवा. साइटच्या किंवा सर्व्हेच्या ड्रॉइंगमधून उचललेला पार्ट कधीकधी लाखांच्या कोऑर्डिनेटवर बसलेला असतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर स्क्रीन कोरी दिसते आणि पोरं म्हणतात फाइल करप्ट आहे. करप्ट नसते, लांब कुठेतरी असते. झूम एक्स्टेंट करून बघा.

युनिट, सगळ्यात जास्त घोळ इथे

डीएक्सएफमधला आकडा म्हणजे नुसता आकडा. १६५ लिहिलेलं असतं, १६५ काय ते त्या आकड्याजवळ कुठेही लिहिलेलं नसतं. फाइलच्या सुरुवातीला इन्सयुनिट्स नावाची एक नोंद असते, तिथे १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिमी, ५ सेंटीमीटर, ६ मीटर आणि ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. समोरचं सॉफ्टवेअर ही नोंद वाचेलच असं नाही, आणि ० असेल तर ते आपल्या मनाने काहीतरी धरणार. आपली १६५ मिमीची प्लेट कोणी इंच धरून उघडली तर ४१९१ मिमीची होते, म्हणजे चार मीटरच्या वर, ते तरी लगेच लक्षात येतं. उलट झालं तर ६.५ मिमीची टिकली होते. एकदा एका पार्टीला मी पाठवलेली फाइल अशीच टिकली होऊन उघडली आणि त्यांनी अंदाजाने ताणून मोठी केली. कशावर मापून ताणली तर पीडीएफच्या प्रिंटवर पट्टी ठेवून. ती प्लेट १६३ ची बनली. चूक माझीच होती, मी युनिट कळवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि आमच्याकडच्या प्रत्येकाला लावते. पार्टच्या शेजारी, वेगळ्या लेयरवर, १०० बाय १०० चा एक चौकोन काढून ठेवायचा. समोरच्याने फाइल उघडली की आधी तो चौकोन मोजायचा. १०० आला तर पुढे जा. २५४० आला तर इंचाचा घोळ. १० आला तर सेंटीमीटरचा. ९३.७५ आला तर इंकस्केपचा, कारण इंकस्केप आधी ९० पिक्सेलचा इंच धरायचं आणि ०.९२ आवृत्तीपासून ९६ चा धरतं, जुन्या फाइली नव्यात उघडताना हा फरक येऊ शकतो. चौकोनावरून रोग कळतो म्हणून औषध पण कळतं. काम झालं की चौकोन डिलीट करायला सांगायचं, तो कापून घेतलेलेही लोक आहेत, म्हणून लेयरचं नावच मी चेक ठेवते आणि मेसेजमध्ये लिहिते.

सेव्ह करताना कुठली आवृत्ती

ऑटोकॅडमध्ये सेव्ह अॅज केलं की डीएक्सएफच्या सहा-सात आवृत्त्या दिसतात. माझं सरळ मत, समोरच्याने काही सांगितलं नसेल तर २००० ची द्या. नवं-जुनं बहुतेक सगळं ती वाचतं. जुनं मशीन असेल, कंट्रोलर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल, तर आर१२. आर१२ अगदी साधी आहे, तिच्यात स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाची रेषा, नाही, एलिप्स नाही, त्यामुळे ती वाचताना गोंधळायला जागाच कमी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आर१२ मध्ये ती युनिटची नोंदच नसते, तेव्हा मेसेजमध्ये मिमी असं लिहिलंच पाहिजे. दोन, तुमच्या स्प्लाइन तुकडे होऊन जातील, त्याचं पुढे सांगते.

आता एकदा ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा

घाबरू नका, डीएक्सएफ ही साधी टेक्स्ट फाइल आहे. मी प्रत्येक नवीन मुलाला हे एकदा तरी करायला लावते, त्याने डोक्यातला अंधार जातो. आत सगळं जोडीजोडीने असतं, एका ओळीवर कोडचा आकडा आणि खालच्या ओळीवर त्याची किंमत. आपल्या प्लेटचं सेंटर शून्यावर धरलं तर वरचं उजवीकडचं होल साधारण असं सापडेल: ० च्या खाली सर्कल असा शब्द, ८ च्या खाली लेयरचं नाव, १० च्या खाली ४४.१९४, २० च्या खाली परत ४४.१९४, ३० च्या खाली ०, आणि ४० च्या खाली ९. शब्द अर्थात रोमन अक्षरांत असतात, आणि मधे आणखी काही ओळी असतील त्यांच्याकडे आत्ता बघू नका. १० म्हणजे एक्स, २० म्हणजे वाय, ३० म्हणजे झेड, ४० म्हणजे रेडियस. पीसीडी १२५, म्हणजे सेंटरपासून ६२.५, ४५ अंशावर म्हणून दोन्हीकडे ४४.१९४, आणि १८ च्या होलाचं रेडियस ९. झालं. आपण काढलेलं होल म्हणजे फाइलमध्ये फक्त या सहा जोड्या. पीसीडीचा इथे पत्ताच नाही, कन्स्ट्रेंट मागे राहतात म्हणजे काय ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आणि इथेच दुसरं एक कळतं. सर्कल शब्दाऐवजी त्या जागी पॉलीलाइन आणि खाली शेकडो एक्स-वाय दिसले, तर तुमचं गोल होल गोल राहिलेलं नाही, त्याच्या बारीक बारीक सरळ रेषा झाल्यात. ६० च्या होलाच्या ३६ बाजू झाल्या असतील तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर तुम्ही खऱ्या गोलाच्या ०.११ मिमी आत आहात. ७२ बाजू केल्या तरी ०.०३ च्या आसपास. दिसायला गोल, व्हर्नियर लावला की मात्र माप फिरतं.

स्प्लाइन आणि जाळीचं काम

प्लेटमध्ये हा त्रास कमी, पण बडोद्यात घराच्या गेटला, गॅलरीला, देवघराला मोर, कोयरी, वेलबुट्टीच्या जाळ्या कापायचं काम भरपूर असतं आणि तिथे सगळं स्प्लाइनवर चालतं. स्प्लाइन आर१२ मध्ये सेव्ह केली किंवा एखाद्या सॉफ्टवेअरने तिचे तुकडे केले की एका मोराच्या पिसाऱ्यात हजारो छोट्या लाइनी होतात. मशीन प्रत्येक जोडावर किंचित थबकतं, कड दातेरी येते आणि वीस मिनिटांच्या कामाला तास लागतो.

उपाय असा की तुकडे आपणच आपल्या मर्जीने करायचे, आणि सरळ रेषांचे करण्याऐवजी आर्कचे करायचे. ऑटोकॅडमध्ये प्लाइनकन्व्हर्टमोड नावाचं एक सेटिंग आहे, ते ० असेल तर स्प्लाइनच्या सरळ लाइनी होतात, १ केलं तर आर्क होतात. ते १ करा, मग स्प्लाइनएडिटमधून पॉलीलाइनमध्ये बदला. तिथे प्रिसिजन विचारतं, १० पासून सुरू करा, मूळ स्प्लाइनची कॉपी खाली ठेवून झूम करून बघा किती चिकटून जाते, गरज असेल तेवढीच वाढवा. ९९ देऊन मोकळे होऊ नका, परत तेच हजारो तुकडे होतील. दोनशे आर्कचा मोर चार हजार लाइनींच्या मोरापेक्षा गुळगुळीत कापला जातो, मी दोन्ही हातात घेऊन बोट फिरवून पाहिलेत.

नेमप्लेट असेल तर

मराठी, गुजराती अक्षरं कापायची किंवा कोरायची असतील तर टेक्स्ट टेक्स्ट म्हणून कधीच पाठवू नका. समोरच्याकडे तो फॉण्ट नसतो. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये तर आतली अक्षरं मुळात रोमनच असतात, फॉण्ट नसला की आडनावाच्या जागी निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कोरल ड्रॉमध्ये कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह करून घ्या, मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा. वेल्ड का, तर मराठी अक्षरांची शिरोरेषा एकमेकांवर चढलेली असते, काना-मात्रा पण चढतात, ते एक केलं नाही तर लेसर शिरोरेषेच्या मधूनच कापत जातो आणि नाव तुकड्यांत पडतं. आणि आरपार कापायचं असेल तर व, ब, क, म यांच्या पोटातला भाग सुटून खाली पडणार, त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारी एक-दोन मिमीची पट्टी ठेवावी लागते. हे कॉम्प्युटर सांगत नाही, पत्रा हातात आल्यावर कळतं, म्हणून आधी कागदावर प्रिंट काढून कात्रीने कापून बघा, अगदी खरंच सांगते, पाच मिनिटं लागतात.

दुसऱ्या बाजूला उघडताना

आता तुम्ही घेणाऱ्याच्या खुर्चीत आहात असं धरू. सॉलिडवर्क्समध्ये डीएक्सएफ ओपन केली की एक विझार्ड येतो, त्यात नवीन पार्टमध्ये टूडी स्केच म्हणून घ्यायचं निवडा, पुढच्या पानावर युनिट मिलिमीटर करा, आणि जवळजवळची टोकं जोडून टाकण्याचा पर्याय आहे तिथे ०.०१ ठेवा. जास्त ठेवलं तर ती बारीक डिझाइनमधली खरी अंतरंही खाऊन टाकतं. फ्यूजनमध्ये इन्सर्ट मेन्यूत डीएक्सएफ, तिथेही युनिट विचारतं. फ्रीकॅडमध्ये आलेल्या रेषा सुट्या वस्तू म्हणून येतात, ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये जाऊन ड्राफ्ट टू स्केच केलं की मग त्याचं खरं स्केच बनतं, आणि पुष्कळ नवीन पोरं इथेच अडकतात की पॅड का होत नाही, म्हणजे स्केचला जाडी का देता येत नाही. कोरलमध्ये इम्पोर्ट करताना स्केलिंग विचारतं तिथे मेट्रिक. लिब्रेकॅड फुकट आहे आणि डीएक्सएफच त्याची स्वतःची फाइल आहे, म्हणून पाठवण्याआधी एकदा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायला मी तेच वापरते. ऑटोकॅडची फाइल ऑटोकॅडमध्येच परत उघडून तपासण्यात काही अर्थ नाही, ते स्वतःच्या चुका स्वतःच सावरून घेतं.

उघडल्यावर आधी चेकचा चौकोन मोजा. मग एक होल मोजा, १८ आलं पाहिजे. मग तिरक्या समोरासमोरच्या दोन होलांचं सेंटर टू सेंटर, १२५. मग वस्तू मोजा. हे चार आकडे जुळले की बाकी सहसा जुळतं.

यानंतर कन्स्ट्रेंटचा प्रश्न. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या स्केचला आपोआप कन्स्ट्रेंट लावायचं बटण असतं. मोराच्या जाळीवर ते दाबू नका, कॉम्प्युटर गोठून बसेल. आणि आपल्या प्लेटसारख्या तेरा वस्तूंच्या स्केचवरही मी ते दाबत नाही, कारण ते योगायोगाने जुळलेल्या गोष्टींनाही बांधून टाकतं. मी काय करते, आलेलं स्केच तसंच खाली ठेवते, त्यावर नवीन स्केच उघडून ती प्लेट परत काढते, सेंटर शून्यावर, एक होल, पीसीडी, पॅटर्न, डायमेन्शन. पाच मिनिटांत होतं, आणि मग ते स्केच खरंखुरं आपलं असतं, १२५ चं १३० करा, सगळं हलतं. पंधरा-वीस वस्तूंपर्यंत नव्याने काढणंच बरं. त्याहून जास्त आणि वाकडंतिकडं असेल तर आलेलं तसंच फिक्स करून वापरा आणि बदल लागला तर पाठवणाऱ्याकडून नवीन फाइल मागा.

पीडीएफवरून रेषा काढता येतात का, असं पण विचारतात. ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफ इम्पोर्ट आहे, पण पीडीएफ कॅडमधून निघालेली असेल तरच. स्कॅन केलेल्या कागदात रेषा नसतात, नुसतं चित्र असतं. आणि खरी पीडीएफ असली तरी सर्कल सर्कल म्हणून येईल याची खात्री नाही, स्केलही तुम्हालाच जुळवावं लागतं. तेव्हा पीडीएफ माप वाचायला वापरा, रेषा उचलायला शेवटचा पर्याय.

लेयर आणि नावं याबद्दल थोडंसंच. कापायचं, कोरायचं आणि वाकवायचं हे तीन वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात ठेवा, बरीच लेसर सॉफ्टवेअर रंगावरूनच काम ओळखतात, आणि बेंडची रेषा कटच्या लेयरवर राहिली तर पत्रा वाकायच्या ऐवजी दोन तुकडे होऊन येतो. लेयरचं आणि फाइलचं नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत, स्पेस न टाकता. फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर घाला, फायनल, फायनल टू, फायनल नवीन असली नावं नकोत.

शेवटी फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवताना तिच्याखाली दोन ओळी टाइप करायच्या, मी रोज टाकते तशा: "भाई, प्लेट आर२ ची डीएक्सएफ पाठवली आहे, युनिट मिमी, बाहेरचं माप १६५, प्लेटचे ६ बंद लूप, कर्फ तुम्ही धरा, चेक लेयरवरचा १०० चा चौकोन मोजून मग डिलीट करा, ६ मिमी माइल्ड स्टील, नग ४०. चौकोन १०० नाही आला तर कापू नका, फोन करा." सोबत डायमेन्शनसकट पीडीएफ. आणि त्यांचा होकार आल्याशिवाय जेवायला उठायचं नाही.